सवतीचं नाव

३ ऑक्टोबर

बोट आली! धक्क्याला बांधूनही झाली.

ही वही लेकीने दिलेली. "आई, एकटीच बडबडतेस त्यापेक्षा लिहीत जा," असं म्हणाली होती. तेव्हापासून कोरीच पडून होती. शीतगृहात दिवसभर मासे निवडायचे आणि घरी येऊन मासेच तळायचे, त्यात लिहिण्यासारखं काय असणार? आज मात्र लिहिलं नाही तर माझं पोट फुटेल.

बोट जुनी आहे, लाकडी. दोन माणसं, जाळं आणि बर्फाची एक पेटी मावेल एवढीच. एका म्हाताऱ्याची होती, त्याच्याच्याने आता होईना. रंगाचे पोपडे निघालेत आणि इंजिन आधी खोकतं मग चालतं. पण आमची आहे. यांचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या बोटींवर गेलं, तेही खाली इंजिनाच्या खोलीत, त्या धडधडीत, तेलाने माखून. समुद्रावर जायचे पण समुद्र दिसायचा नाही. आज पहिल्यांदा स्वतःच्या बोटीचं सुकाणू धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "अगं, इथून सगळं दिसतं."

एवढंच म्हणाले. मला रडूच फुटलं. काहीतरी सांगायचं म्हणून मी पाठ फिरवून म्हटलं, "डोळ्यांत वारा गेला." तर म्हणतात, "हो, रविवारी जाऊ की." रविवारी कुठे जायचंय कोण जाणे. आनंदाने डोकं ठिकाणावर नाही माणसाचं.

७ ऑक्टोबर

सकाळी उठून बोटीवर जातात ते भूक लागली की घरी उगवतात. कधीकधी तेही नाही, मग मीच डबा घेऊन जाते. आज गेले तर हे इंजिनाच्या झाकणावर तळहात टेकवून, डोळे मिटून बसलेले. इंजिन चालू होतं. मी "अहो" म्हटलं. पुन्हा "अहो" म्हटलं. मग असं काही "अहोऽऽ" केलं की आजूबाजूच्या बोटींवरचे सगळे नवरे वळून बघायला लागले, माझा सोडून. शेवटी खांद्याला हात लावला तर केवढ्याने दचकले.

"काय करत होता?"

"बघत होतो, बरी आहे का."

मला ताप आला तर 'जरा कपाळाला हात लावून बघा' असं सांगावं लागतं. हिची विचारपूस न सांगता होते. मिस्त्री शेजारी पाना घेऊन बसला होता. मिस्त्री म्हणजे इंजिनं दुरुस्त करणारा, यांचा तरुणपणापासूनचा दोस्त. त्याला म्हटलं, "बघा भाऊजी, या वयात माझ्यावर सवत आणली." एरवी तो माझ्या फालतू बोलण्यालाही खो खो हसतो. आज नुसताच यांच्याकडे बघत राहिला.

१२ ऑक्टोबर

आता म्हणे बोटीला नाव हवं. रंगारी उद्या येणार. मी चुलीपाशी होते, तव्यावर मासे चरचरत होते, आणि हे दारात उभे राहून नावाचं पुराण लावून बसलेले. हे ठेवू की ते ठेवू. स्वतःच्या लेकीचं नाव ठेवायला एवढा विचार केला नव्हता. मी वैतागून मागे न बघताच म्हटलं, "सवत ठेवा, सवत!"

मग म्हणाले, "खरंच?"

"खरंच म्हणजे काय! अगदी शोभेल."

लगेच बाहेर निघून गेले. मासे तसेच राहिले. थट्टा लागली वाटतं मनाला. माझी जीभ जरा तिखटच आहे, पण इतकी वर्षं खाल्लीय की, अजून सवय होऊ नये?

१५ ऑक्टोबर

लिहिताना अजून हसू येतंय. आज मुद्दाम वाकडी वाट करून बोट बघायला गेले. निळ्या रंगावर पांढरी टपोरी अक्षरं: सोबत.

मला आधी वाटलं रंगाऱ्याच्या कानात बोळे असतील, सांगितलं एक आणि लिहिलं भलतंच. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, दादांनीच सांगितलं. आधी फळकुटावर दोनदा लिहून घेतलं, अक्षर चांगलं यायला हवं म्हणाले."

म्हणजे मी सवत म्हटलं आणि यांनी त्याचं सोबत केलं! आमचे हे एवढे हजरजबाबी कधी झाले? लग्न झाल्यापासून मी दहा वाक्यं बोलावी तेव्हा यांचं एक निघायचं. आणि आता हे असं, न भांडता, पांढऱ्या रंगात उत्तर. घरी आल्यावर मी समोर बसून विचारलं, "मी काय नाव सांगितलं होतं हो?" माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. चेहरा इतका सरळ ठेवला की काय सांगू. म्हणाले, "हेच की."

शीतगृहाच्या नोकरीला रामराम ठोकायचं ठरवलं. मीही जाणार बोटीवर. नाव खोटं पडायला नको.

२२ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा दोघं गेलो. मी पुढे जाळ्यापाशी, हे मागे इंजिन आणि सुकाणू सांभाळत. जाळ्याचा दोर इंजिनावरच्या कप्पीतून जातो. मी पाण्यात बघून सांगायचं, "सोडा" म्हटलं की दोर सोडायचा, "ओढा" म्हटलं की कप्पी फिरवायची. काम सोपं आहे, फक्त एकमेकांवर लक्ष हवं.

मासे काही फार मिळाले नाहीत. पण आमच्या जाळ्यात, आमच्या बोटीत पडून ते असे उड्या मारत होते की मी पहिल्या माशाला हातात घेऊन वेड्यासारखी बघतच राहिले. शीतगृहात लाखो मासे हातांखालून गेले असतील, पण जिवंत कधी नव्हता बघितला. येताना ऊन वर आलं. किनारा कुठेतरी लांब होता. मला गाणं सुचलं, लहानपणीचं काहीतरी. मी पुढे बघून म्हणत होते. हे मागून ओरडले, "गातेस का? इकडे तोंड कर ना." या वयात समोरासमोर बसून गायचं म्हणजे! मला लाज वाटली. पण वळले, आणि गायले. हे इंजिनावर एक हात ठेवून, डोळ्यांत जीव आणून बघत होते.

मी सुखात आहे. वहीत लिहून ठेवते, नंतर म्हणायला नको की कधी नव्हते.

२ नोव्हेंबर

लेकीचा फोन आला होता. यांना दिला तर दोनदा "हो हो" म्हणाले आणि परत माझ्याकडे. "तूच बोल." ती रुसली. "आई, बाबा पूर्वी सोडायचे नाहीत फोन. आता बोट मिळाली तर लेक नकोशी झाली का?" मी सारवासारव केली, बाबा दमतात म्हणून. फोन ठेवल्यावर यांना झापलं. तर हसले आणि म्हणाले, "बरं केलंस." काय बरं केलं? मी काही केलंच नव्हतं.

आणखी एक नवीन खूळ. आधी दिवा लगेच मालवा म्हणायचे, आता "राहू दे, जरा बोलू" म्हणतात. मला आवडतं ते, खोटं कशाला लिहू? काल मात्र दिवा मालवल्यावर मला वाटलं, जे कधी बोलले नाही ते आज सांगून टाकावं. अंधारात धीर होतो. मी म्हटलं, "तुमच्याशी लग्न करून माझं चांगलं झालं." उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. जागे होते, कूस बदलली, पण हूं की चूं नाही. पालथ्या घड्यावर पाणी! तोंडदेखलं तरी काहीतरी म्हणायचं. मी पुन्हा असलं काही बोलायची नाही.

१४ नोव्हेंबर

डाव्या हाताने वही धरून लिहितेय. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे, पेन अंगठ्यात कसंबसं धरलंय.

जाळं खाली खडकात अडकलं. मी दोर मोकळा करायला हात घातला आणि ओरडले, "सोडा! सोडा!" आणि यांनी कप्पी फिरवली. दोर माझी बोटं घेऊन ताणला गेला. मी काय किंचाळले ते समुद्राने ऐकलं, यांनी नाही. वर बघितलं, माझा चेहरा दिसला, तेव्हा कुठे इंजिन बंद केलं.

धावत पुढे आले. माझा हात दोन्ही हातांत धरून रडले. मी यांना रडताना सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर आज. पण मला तेव्हा कशाची दया येणार? मी म्हटलं, "सोडा म्हणत होते मी, सोडा!"

"मला ओढा ऐकू आलं."

"ऐकू आलं म्हणे! तुम्हाला ऐकायचंच नसतं. भिंतीलासुद्धा कान असतात, तुम्हाला नाहीत."

यांनी मान खाली घालून बोट घराकडे वळवली.

२० नोव्हेंबर

मी बोटीवर जात नाही. सांगून टाकलं, "तुम्ही आणि तुमची ती लाडकी, दोघं जा." हे एकटेच जातात. जाळं छोटं केलंय. संध्याकाळी येतात, माझी पट्टी बदलतात, भांडी घासतात. घासताना एवढा आवाज करतात की शेजारीण विचारते भांडण झालं का. झालंय तर, पण एकतर्फी. हे भांडतच नाहीत.

मिस्त्री आला होता. हे बाहेर जाळं वाळत घालत होते. तो हळूच म्हणाला, "वहिनी, त्याला एकट्याला पाठवू नका हो."

"मी पाठवते? माझं ऐकतात कुठे ते!"

"तेच तर म्हणतोय," मिस्त्री म्हणाला. "वहिनी, तो ऐकत नाही... म्हणजे त्याला..."

तेवढ्यात हे आत आले आणि मिस्त्रीकडे असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून उठला. मला बरं वाटलं. निदान एकाला तरी माझं म्हणणं पटलं.

३ डिसेंबर, सकाळ

बाहेर धुकं आहे. खिडकीतून समोरचा जिनासुद्धा दिसत नाही.

बोटं आता वळतात. खरं तर चार दिवसांपासून वळतात, मीच सांगत नव्हते. आज पहाटे हे उठून चहा करत होते, मला त्रास नको म्हणून पाऊल न वाजवता. कप मात्र दणकन आपटला. मला हसू आलं आणि राग गेला, कसा ते माहीत नाही. हे टोपी घालून दारात थांबले. मी पाठमोरी होते, कपाटातून स्वेटर काढत होते, पण मला कळत होतं की ते बघताहेत. चेहऱ्यावरचं हसू दिसू नये म्हणून वळले नाही. म्हटलं, "थांबा, मी पण येते आज."

आणि दार लागलं.

स्वेटर अर्धा गळ्यात अडकलेला. मी जिन्यापर्यंत धावले, तोवर धुक्यात गेलेसुद्धा. एवढं मी नमतं घेतलं आणि यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं! ठीक आहे. आता संध्याकाळी बोलणारच नाही. स्वतःहून विचारेपर्यंत एक शब्द काढणार नाही.

२१ डिसेंबर

लेक म्हणते लिही. लिहून काय होणार?

यांना त्याच दिवशी दुपारी आणलं. बोटही आणली, ओढून. एका बाजूची वरची फळी फुटली आहे, बाकी धड आहे. बोट धड आहे.

२४ डिसेंबर

आज यांच्या बोटीला धडकलेल्या मोठ्या बोटीचा तांडेल, म्हणजे ती चालवणारा, आला होता. लेक त्याला आत घेत नव्हती, मी घेतलं. आडदांड माणूस, पण बसायचं कुठे ते त्याला कळेना. म्हणाला, "धुकं होतं, वहिनी. तुमची बोट दिसली तेव्हा अगदी हाकेच्या अंतरावर होती. मी भोंगा दिला. आमचा भोंगा गावात ऐकू येतो. पुन्हा दिला, पोरं ओरडली. ते पाठमोरे होते, जाळं ओढत होते. एकदाही वळून बघितलं नाही हो त्यांनी. का नाही ऐकलं?"

मी त्याच्यावर ओरडले. म्हटलं, खोटं बोलताय, भोंगा दिलाच नसणार, झोपला असाल. तो उभा राहून रडला आणि गेला.

तो गेल्यावर मी या वहीची मागची पानं वाचली. एकदा वाचली. मग वही मिटून फडताळावर अगदी वर टाकली, हात पोचू नये म्हणून. आणि आता पुन्हा स्टुलावर चढून काढली आहे.

२ जानेवारी

मिस्त्रीला बोलावून घेतलं. समोर बसवलं. म्हटलं, "त्या दिवशी काय सांगत होतात?"

त्याने सगळं सांगितलं. कान इंजिनाने खाल्ले. एक पार गेला होता, दुसऱ्यात थोडंसं उरलं होतं आणि तेही दिवसेंदिवस चाललं होतं. तरुणपणापासून त्या खोलीत बसल्यावर दुसरं काय होणार? बोट घ्यायच्या आधीच दवाखान्यात कळलं होतं. मिस्त्रीला शपथ घातली होती, हिला सांगायचं नाही. "म्हणाला, कळलं तर ती मला समुद्रावर जाऊ देणार नाही. एक वर्ष जाऊ दे. आयुष्यात एक वर्ष आपल्या बोटीवर, मग मीच सांगतो."

खरं आहे. नसतं जाऊ दिलं. बोटच घेऊ दिली नसती.

"मी म्हटलं, अरे, आवाज ऐकू येत नाही तर बोट कशी चालवशील? म्हणाला, इंजिन मला हाताला कळतं. आणि बाकी ऐकायला ती असते ना पुढे."

मी असते ना पुढे.

म्हणजे त्या पहाटे ते दारात उभे राहिले ते मी वळेन म्हणून. मी वळले असते तर माझे ओठ दिसले असते. मला हसू लपवायचं होतं.

मिस्त्रीने डोळे पुसले. मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाला, "पण सुखात होता हो तो. बर्फाच्या रांगेत उभा राहून सगळ्यांना सांगायचा. मला म्हणाला, माझ्या मनात होतं की हिला बोट पसंत नाही, माझ्यासाठी गप्प बसलीय. मग नाव विचारलं तर हिने काय सांगावं? सोबत! मला तर खरंच वाटेना. मी विचारलं, खरंच का. म्हणाली, अगदी शोभेल."

मी मिस्त्रीला काही सांगितलं नाही. कुणालाच नाही. इथे लिहिते आहे तेवढंच. यांनी हजरजबाबीपणा केलाच नव्हता. सरळ चेहरा ठेवला नव्हता, चेहरा सरळच होता. माझं सगळं वाईट बोलणं त्यांना ऐकूच आलं नाही, असं मनाला समजावते, तर लगेच दुसरं आठवतं. अंधारात बोलले होते तेही आलं नाही. ते तरी पोचायला हवं होतं. मी रागावूनच राहिले असं समजून गेला माणूस, टोपी घालून, पाऊल न वाजवता.

१९ जानेवारी

लेक परत गेली. जाताना म्हणाली, बोट विकून टाक आई, डोळ्यांसमोर नको. तिचं चूक नाही. घ्यायला माणूस तयारही आहे. मी आज नाही म्हणून सांगितलं. चालवणार आहे का? माहीत नाही. मिस्त्री म्हणतो, शिकवतो. सुकाणूवरून सगळं दिसतं खरं.

मिस्त्रीने इंजिन सुरू करून दाखवलं. खोकलं, मग चाललं. झाकणावर तळहात ठेवून मी डोळे मिटले. मला काही कळलं नाही. नुसतं गरम होतं आणि थरथरत होतं. तरी बराच वेळ हात काढला नाही.

सुताराने नवी फळी बसवली आहे. फुटलेल्या फळीबरोबर पहिलं अक्षर गेलं, 'बत' तेवढं उरलं होतं. रंगारी डबा उघडून उभा होता. भीत भीत म्हणाला, "वहिनी, नवीनच काही लिहू का? असं झाल्यावर लोक नाव बदलतात. काय लिहू सांगा."

"यांना ऐकू आलं होतं तेच लिहा," मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. ब्रश हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग मी त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले, माझं तोंड त्याला नीट दिसेल अशी, आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. आजूबाजूच्या बोटींवरची माणसं वळून बघायला लागली. इतकी का ओरडले, माझं मलाच कळलं नाही.

रंगाऱ्याने ब्रश खाली ठेवला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मला ऐकू येतं."